काळजाला किती पाणी

"ताप उतारलाय बाई, पर पाय लई गार लागत्यात," आजी म्हणाली.

रात्रीचे पावणेदोन वाजले होते. ऑगस्ट महिना, बाहेर पावसाची झड, आणि आमच्या लहान मुलांच्या आयसीयूत आठपैकी सहा खाटांवर डेंगीची मुलं. सातव्या खाटेवर नुकतीच आलेली ही सात वर्षांची पोर. आजीने तिचे दोन्ही तळपाय आपल्या ओंजळीत धरून ठेवले होते. मुलगी शुद्धीवर होती, नाव विचारलं की सांगत होती, मधूनच पाणी मागत होती. मॉनिटरवर ऑक्सिजन ९८, बीपी ९८/८२. जिथून तिला पाठवलं होतं तिथल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'ताप नाही. बीपी नॉर्मल.'

चिठ्ठी लिहिणाऱ्याने काही खोटं लिहिलं नव्हतं. पण डेंगीत ताप उतरतो तोच काळ घाताचा असतो. चौथ्या-पाचव्या दिवशी अंग निवतं, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि नेमकं तेव्हाच रक्तातलं पाणी केशवाहिन्यांतून झिरपून पोटात, फुप्फुसांभोवती साचायला लागतं. वाहिन्यांत रक्त कमी पडलं की शरीर हातापायांकडच्या वाहिन्या आवळून घेतं, म्हणजे मेंदूला आणि हृदयाला तरी पुरेल. त्या आवळण्यामुळे खालचं बीपी वर चढतं आणि वरचं कसंबसं जागेवर राहतं. दोन्हींतलं अंतर २० किंवा त्याहून कमी झालं की आम्ही त्याला शॉकच म्हणतो, म्हणजे अंगाला रक्त पुरेनासं होणं. ९८ वजा ८२, सोळा. नाडी १४२. छातीच्या मधल्या हाडावर मी अंगठा पाच सेकंद दाबून धरला आणि सोडला. पांढरा डाग दोन-अडीच सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. मी चारपर्यंत मोजले.

आजीने हे सगळं तळहाताने ओळखलं होतं. आपल्याकडे 'हातपाय गार पडले' हे वाक्य माणूस घाबरल्यावरही म्हणतात आणि माणूस जायला लागल्यावरही म्हणतात. आयसीयूत ही तपासणी आम्ही रोज, प्रत्येक मुलाची, दर तासाला करतो.

मात्र एवढ्या वर्षांत मी एक गोष्ट शिकले आहे, आणि ती शिकायची किंमत मी दिलेली नाही, दुसऱ्या कोणीतरी दिली आहे. गार तळपाय सांगतात की रक्त पोचत नाही. का पोचत नाही, ते सांगत नाहीत.

मुलांचं हृदय मुळात लपवाछपवी करणारं. नवजात बाळाचं हृदय साधारण त्याच्याच मुठीएवढं असतं. एका ठोक्याला त्यातून बाहेर पडतं चार-पाच मिली रक्त, म्हणजे चहाचा एक चमचा. मोठा माणूस गरज पडली तर हा चमचा थोडा मोठा करू शकतो. बाळाला ते फारसं जमत नाही. त्याच्याकडे एकच उपाय असतो, चमचे भराभर रिकामे करायचे. म्हणून आजारी बाळाची नाडी १६०, १८०, २०० अशी पळते. आणि बीपी? ते अगदी शेवटपर्यंत टिकून राहतं. एक ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आम्ही एक सोपं गणित पाठ केलेलं असतं: वयाची दुप्पट अधिक ७०, वरचं बीपी याच्या खाली गेलं तर धोका. पण ते खाली जाईपर्यंत बराच वेळ हातातून गेलेला असतो. मोठ्यांचं बीपी उतरणीवरून घसरत येतं. मुलांचं कड्यावरून पडतं.

आत डोकावून पाहायचं तर मोठ्यांसाठी बरेच मार्ग आहेत. मानेतल्या शिरेतून हृदयापार फुप्फुसाच्या धमनीत जाणारी, टोकाला फुगा असलेली नळी १९७० पासून वापरात आहे. पण दीड किलोच्या बाळात असली नळी घालायची कुठून? अशा बाळाच्या अंगात सगळं मिळून सव्वाशे-दीडशे मिली रक्त असतं. तपासणीसाठी दीड मिली काढलं तरी शंभरातला एक भाग गेला. म्हणून मुलांच्या डॉक्टरांना कातडीच्या बाहेरूनच आत पाहायला शिकावं लागतं.

आता ज्या बाळाने मला हे शिकवलं त्याच्याबद्दल.

मी तेव्हा शिकत होते, दुसऱ्या वर्षाला. रात्रपाळी. आठ महिन्यांचा मुलगा, वजन सात किलो. दोन दिवस सर्दी-खोकला, मग दोन उलट्या, दूध तोडलेलं, धाप. हातपाय गार, डाग भरायला पाच सेकंद. आम्हाला शिकवलेलं होतं की शॉक दिसला की सलाईन द्यायचं, वजनाच्या दर किलोला २० मिली, जोराने, आणि लागलं तर पहिल्या तासात तीन वेळा. मी तीन वेळा दिलं. १४०, १४० आणि १४०. चारशेवीस मिली. त्याच्या अंगातलं सगळं रक्त जेमतेम साडेपाचशे असेल.

त्याच शिकवणीत हेही होतं की लिव्हर वाढायला लागलं किंवा छातीत बुडबुड्यांचा आवाज आला तर थांबा. मी पोट तपासलं होतं. पहिल्यांदाच लिव्हर दोन बोटं लागलं. बाळांचं लिव्हर एखादं बोट लागतंच, म्हणून मी ते सोडून दिलं. त्याच्या आईने मला सांगितलं होतं, "मॅडम, दोन दिवस झाले, दूध ओढताना त्याच्या कपाळावर घाम येतो." मी ते केसपेपरवर लिहिलंसुद्धा. ते वाक्य आजही माझ्या अक्षरात मला दिसतं. दूध पिताना घाम येणं ही थकलेल्या हृदयाची खूण. पिणं ही बाळाची सगळ्यात मोठी मेहनत असते. आपल्याला जिना चढल्यावर धाप लागते, बाळाला स्तनाशी लागते. पुस्तकात मी हे वाचलं होतं. त्या रात्री ते वाक्य माझ्या हातातून गेलं आणि कळलं नाही.

तिसऱ्या वेळेनंतर लिव्हर चार बोटं खाली होतं आणि श्वासाच्या नळीतून गुलाबी फेस यायला लागला. इकोचं, म्हणजे ध्वनिलहरींनी धडधडतं हृदय पडद्यावर दाखवणारं मशीन दुसऱ्या इमारतीत, कुलपात, आणि ते सकाळी नऊला उघडायचं. नऊला इको झाली. फुगलेलं, मोठं हृदय, भिंती जेमतेम हलणाऱ्या. विषाणूने हृदयाच्या स्नायूलाच सूज आणली होती. त्याला एक थेंबही पाणी जास्तीचं नको होतं, हृदयाला जोर देणारं औषध हवं होतं. दुपारी तो गेला.

ज्या आजाराने तो आला होता त्यातून कदाचित तो वाचला नसताही. वरिष्ठांनी मला तेव्हा हेच सांगितलं, आणि त्यांचं बरोबर असेल. पण त्याच्या फुप्फुसांतलं पाणी मी घातलेलं होतं.

त्यानंतर कधीतरी मटणाच्या दुकानात उभी असताना एका गिऱ्हाईकाने "पाव किलो काळीज द्या" म्हटलं आणि मी दचकले. दुकानात काळीज म्हणजे लिव्हर. घरात, ओवीत, भांडणात काळीज म्हणजे हृदय. काळीज तुटतं, काळीज धडधडतं, काळजाचं पाणी पाणी होतं. एकाच शब्दात आपण दोन्ही ठेवलं आहे. लहान मुलांच्या बाबतीत ते शरीरशास्त्राच्याही जवळचं आहे. हृदय रक्त पुढे ढकलू शकलं नाही की ते मागे तुंबतं आणि बाळाचं लिव्हर फुगून बरगडीखाली उतरतं. मुलाच्या हृदयाची खबर आधी लिव्हरवर ठेवलेल्या बोटांना लागते. तेव्हापासून पाण्याची प्रत्येक पिचकारी देण्याआधी मी लिव्हरच्या कडेवर पेनाने रेघ मारते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना याचा कंटाळा येतो. मी रेघ मारायला लावतेच.

आपल्याकडे सलाईनवर लोकांची श्रद्धा आहे, हे मी टीका म्हणून सांगत नाही. अशक्तपणा आला, बाटली लावा. उलट्या झाल्या, बाटली लावा. जुलाबांनी सुकलेल्या मुलाला सलाईन खरोखरच दारातून परत आणतं, मी शेकडो वेळा पाहिलं आहे, आणि ते पाहिलेल्या माणसाची श्रद्धा बसणारच. आम्हा डॉक्टरांचीही तीच होती. २०११ साली केनिया, युगांडा आणि टांझानियातल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. तापाने गंभीर आजारी आणि रक्तपुरवठा बिघडलेली ३,१४१ मुलं. काहींना सलाईन जोराने दिलं, काहींना अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातल्या प्रथिनाचं द्रावण, काहींना फक्त सावकाश, रोजच्या गरजेपुरतं पाणी. पहिल्या ४८ तासांत जोराने सलाईन दिलेल्यांपैकी १०.५ टक्के मुलं गेली, अल्ब्युमिन दिलेल्यांपैकी १०.६ टक्के, आणि सावकाश पाणी दिलेल्यांपैकी ७.३ टक्के. मी तो लेख एका बैठकीत वाचू शकले नाही. त्या मुलांत निम्म्याहून अधिक मलेरियाची होती, पुष्कळांचं रक्त अतिशय कमी होतं, व्हेंटिलेटरची सोय नव्हती; आमच्या मुलांना ते जसंच्या तसं लागू होत नाही, हे खरं. तरी जगभरातल्या मुलांच्या डॉक्टरांचा हात त्या वर्षानंतर पिचकारी दाबताना थोडा अडखळायला लागला. त्या अडखळण्याबद्दल मी कृतज्ञ आहे.

अडखळल्यावर मग काय करायचं, याचं उत्तर माझ्यासाठी इको होतं. तीही हृदयविकारतज्ज्ञांची तासभर चालणारी इको नव्हे. खाटेशेजारी, आम्हीच, पाच मिनिटांत करायची.

या यंत्राची गोष्ट मला फार आवडते. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड शहरात इंगे एडलर नावाच्या हृदयाच्या डॉक्टरांना शस्त्रक्रियेआधी झडपेचा आजार बाहेरून ओळखता येईल का, याचा ध्यास लागला होता. हेलमुथ हेर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञाशी त्यांची गाठ पडली. जवळच्या माल्मो शहरातल्या जहाजबांधणीच्या कारखान्यात धातूतले छुपे दोष ध्वनिलहरींनी शोधायचं यंत्र होतं. हेर्ट्झने ते उसनं आणलं आणि छातीवर लावलं. पडद्यावर हृदयाचा प्रतिध्वनी उठला. लोखंडातली भेग शोधणारं यंत्र आज आम्ही नऊशे ग्रॅमच्या बाळावर टेकवतो.

टेकवायच्या आधी जेल तळहातावर घेऊन कोमट करायचं. गार जेल लागलं की बाळ दचकतं, रडतं, नाडी वाढते आणि मोजायचं तेच बिघडतं. अगदी लहान असेल तर आईच्या दुधाचा थेंब जिभेवर ठेवायचा. मग छातीच्या हाडाच्या खाली, पोटाच्या टोकाशी प्रोब अलगद वर वळवायचा. चार कप्पे दिसतात. डावा कप्पा मूठ आवळतो तसा आवळतोय, की भाकरीच्या फुगलेल्या पापुद्र्यासारखा नुसता हलतोय? आवळल्यावर आतल्या भिंती एकमेकींना टेकत असतील तर तो कप्पा रिकामा आहे, त्याला पाणी हवं. फुगून संथ हलत असेल तर पाणी नको. पोटातून वर येणारी महाशीरही पाहायची, पण लहान मुलांत एकट्या तिच्यावर विसंबून निर्णय घ्यायचा नाही, ती फसवते.

पुढचं मोजमाप डॉप्लरचं. क्रिस्टियान डॉप्लरने १८४२ मध्ये प्रागमध्ये जोडताऱ्यांच्या रंगांबद्दल निबंध मांडला होता. जवळ येणाऱ्या आणि लांब जाणाऱ्या वस्तूच्या लहरी बदलतात, हे ते तत्त्व. महाधमनीच्या तोंडाशी आम्ही तेच वापरतो. एका ठोक्याला रक्ताचा स्तंभ किती सेंटिमीटर पुढे सरकला, ते पाहायचं. मग थोडं पाणी द्यायचं आणि पुन्हा पाहायचं. स्तंभ चांगला लांबला तर हृदयाने ते पाणी स्वीकारलं. जेवढ्यास तेवढा राहिला तर पाणी दुसरीकडे कुठेतरी, बहुधा फुप्फुसांत चाललं आहे. थांबायचं. आठ महिन्यांच्या त्या बाळाला पहिल्या १४० मिलीनंतर हे पाहिलं असतं तर दुसरे १४० मी दिले नसते.

इको दर मिनिटाला करता येत नाही. मधल्या काळासाठी दुसरी यंत्रं आहेत. एकात कपाळ, मान, छाती आणि मांडी अशा चार जागी चिकट्या लावतात आणि अतिशय सौम्य वीज सोडतात. झडप उघडण्याआधी महाधमनीतल्या लाल पेशी अस्ताव्यस्त असतात; उघडली की प्रवाहाच्या दिशेने रांगेत लागतात आणि वीज जरा सोपी वाहते. त्या फरकावरून यंत्र एका ठोक्याचं रक्त किती याचा हिशेब करतं. विजेच्या रोधावरून हृदय मोजायची पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेत अंतराळवीरांसाठी घडवली गेली. मी हे यंत्र वापरते, पण त्याच्या आकड्यावर शपथ घेत नाही. नेमक्या पद्धतींशी ताडून पाहिलं तर चूक बरीचदा ३० टक्क्यांच्या पुढे जाते. त्याच मुलाचा आकडा तासापूर्वी काय होता आणि आता कुठे चालला आहे, एवढ्यापुरता त्याचा उपयोग, आणि तेवढाही पुष्कळ असतो.

दुसरं प्रकाशाचं. तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कातडी आणि कवटी ओलांडून मेंदूपर्यंत जातो. एक पट्टी कपाळावर, दुसरी कमरेवर मूत्रपिंडापाशी. तिथल्या रक्तात ऑक्सिजन किती उरला आहे, त्याचा आकडा ती देते. हृदय कमी पडायला लागलं की शरीर आधी मूत्रपिंडाचं आणि आतड्यांचं रक्त तोडतं, मेंदूचं राखतं. घरात धान्य कमी पडलं की आई आधी स्वतःच्या ताटातलं काढते, तसं. कमरेचा आकडा घसरतोय आणि कपाळाचा जागेवर आहे असं दिसलं की आम्ही उठून खाटेशी जातो.

कातडी न छेदता होणाऱ्या या मोजमापांना 'विनाछेद' म्हणतात, पण विनाछेद म्हणजे विनात्रास असं मात्र कोणी समजू नये. सव्वीस आठवड्यांच्या बाळाची कातडी ओल्या कागदासारखी असते. चिकटी ओढली तर साल निघते. आमच्या सिस्टर तेल लावून, बोटाने सावकाश, पाच-पाच मिनिटं घेऊन एक पट्टी सोडवतात. कोणती माहिती त्या कातडीच्या मोलाची आहे आणि कोणती नाही, हे प्रत्येक वेळी विचारावं लागतं. नुसतं यंत्र आहे म्हणून लावायचं नाही.

आणि ऑक्सिमीटर, जो आता घराघरांत आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमधले ताकुओ आओयागी नावाचे अभियंते खरं तर हृदयातून मिनिटाला किती रक्त निघतं हेच, कानाच्या पाळीवर प्रकाश टाकून, सुई न टोचता मोजायचा प्रयत्न करत होते. प्रत्येक ठोक्यागणिक येणारी थरथर त्यांच्या मोजमापात व्यत्यय आणत होती. ती काढून टाकायच्या खटपटीत त्यांच्या लक्षात आलं की त्या थरथरीतच रक्तातला ऑक्सिजन वाचता येतो. २०२० च्या एप्रिलमध्ये ते गेले. त्याच वर्षी गावोगावच्या आशाताई त्यांचं यंत्र हातात घेऊन दारोदार फिरत होत्या. हृदयातून किती रक्त निघतं हा आओयागींचा मूळ प्रश्न आजही बाळाच्या खाटेपाशी पुरता सुटलेला नाही.

गार पायांचं तिसरं मूल आमच्या भागात विंचवाचं असतं. लाल विंचू चावला की अंगात आवळणाऱ्या रसायनांचा पूर येतो. उलट्या, दरदरून घाम, बर्फासारखे हातपाय. वाहिन्या इतक्या आवळतात की हृदय बंद दारावर धडका देत राहतं, थकतं, आणि फुप्फुसं पाण्याने भरतात. अशा मुलाला सलाईन धडाधड दिलं तर ते बुडतं. महाड-बिरवाडीच्या परिसरात डॉ. हिंमतराव बावस्करांनी रात्र रात्र या रुग्णांच्या उशाशी बसून हे उलगडलं. १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी प्राझोसिनबद्दल लिहिलं, वाहिन्या सैल करणारी, तोंडाने द्यायची एक साधी गोळी. खेडेगावात त्यांच्याकडे इकोचं यंत्र नव्हतं. गार हातपाय ही धोक्याची खूण आणि ते पुन्हा गरम होणं ही सुटकेची, हे त्यांनी हाताने नोंदलं आणि जगापुढे ठेवलं. मी यंत्रांबद्दल इतकं बोलते, तेव्हा मला त्यांची आठवण ठेवावी लागते.

म्हणजे डेंगीचं, सुजलेल्या हृदयाचं, विंचवाचं, तिघांचेही तळपाय सारखेच गार. एकाला पाणी हवं, दुसऱ्याला जोर, तिसऱ्याला वाहिन्या सैल करणारी गोळी. मुलांच्या सेप्सिसबद्दलच्या, म्हणजे जंतुसंसर्गाने सगळं शरीर कोलमडतं त्याबद्दलच्या, २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही सांगितलं आहे की हातपाय गरम की गार एवढ्यावरून शॉकची जात ठरवू नका. तरीही खाटेपाशी सगळ्यात आधी पोचतो तो तळहातच.

त्या ऑगस्टच्या रात्री मी आजीला म्हटलं, "आजी, तुम्ही पाय सोडू नका. फक्त मला पोटावर जागा द्या." मुलीच्या पोटावर कोमट जेल लावलं. डावा कप्पा जोरात आवळत होता, इतका की आत काही उरत नव्हतं. रिकामा. पाणी मागणारं हृदय. वजन वीस किलो. पहिल्या तासाला २०० मिली. तासाने पुन्हा पाहिलं, रक्ताचा स्तंभ लांबला होता, नाडी १२४, बीपी १००/७४. मग वेग थोडा थोडा उतरवत नेला. साडेचारच्या सुमारास आजी पेंगत पेंगत म्हणाली, "आता ऊन लागत्यात." सिस्टरने तक्त्यात नाडी-बीपीच्या शेजारी लिहिलं, 'पाय गरम (आजी)'. मी खाली सही केली.

अवघड भाग दोन दिवसांनी आला. डेंगीत झिरपलेलं पाणी ४८ तासांच्या आसपास आपण होऊन वाहिन्यांत परतायला लागतं. त्या वेळी सलाईन चालू ठेवलं तर वाचलेलं मूल फुप्फुसांत पाणी भरून हातचं जातं. सकाळी इकोत कप्पा भरलेला दिसला, महाशीर टम्म, फुप्फुसांच्या तळाशी पाण्याची कड. लिव्हर माझ्या रेघेच्या खाली एक बोट सरकलं होतं. पोरगी भूक लागली म्हणत होती. मी सिस्टरना बाटली काढायला सांगितलं.

वडील तयार होईनात. बाटली अर्धी भरलेली होती. "मॅडम, पैशांचा प्रश्न असेल तर सांगा, पण सलाईन नका काढू. त्यानंच वाचली ती." मी त्यांना पडदा दाखवला, भरलेलं हृदय दाखवलं, अंगात आता पुरेसं पाणी आहे म्हणून सांगितलं. ते पडद्याकडे पाहत होते आणि त्यांना काळ्या-पांढऱ्या सावल्यांशिवाय काही दिसत नव्हतं. त्यात त्यांची चूक नव्हती. मलाही त्या सावल्या वाचायला काही वर्षं लागली.

आजी खाटेच्या पायथ्याशी गेली. पांघरुणात हात घालून तिने दोन्ही तळपाय चाचपले, आधी डावा, मग उजवा. बराच वेळ हात तसाच ठेवला.

"ऊन हायेत," ती लेकाला म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "काढा."